तार दिसत नाही : एका म्हशीचे शेवटचे 336 तास

हा घटनाक्रम कोणा एका गोठ्याचा नाही. गुरांच्या डॉक्टरांना वर्षभर ज्या केसेस पाहाव्या लागतात, त्यातल्या नेहमीच्या खुणा एका म्हशीच्या नावावर ओळीने लावल्या आहेत. म्हैस मुऱ्हा, तिसऱ्या वेताची. गाव सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलं कुठलंही धरा. गोठ्यात काय दिसत होतं आणि त्याच वेळी पोटात काय चाललं होतं, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या आहेत. त्यासाठीच तास मोजले आहेत.

पाच महिने आधी

घरावर स्लॅब पडतोय. सळया बांधायला आणलेल्या बांधणी तारेचे तुकडे अंगणभर पडलेत. सेंट्रिंगवाले गेले, वाळू उचलली, तुकडे मात्र मातीत राहिले. त्याच अंगणात कडब्याच्या पेंढ्या टेकवल्या गेल्या आणि तिथूनच त्या कडबाकुट्टीत गेल्या. कुट्टीच्या पात्याला बारीक तार जाणवतही नाही. ती कापून पुढे ढकलली जाते, टोकदार होऊनच.

शेळी ओठांनी चाचपून एकेक पान निवडते. गाय-म्हैस जिभेने घास ओढते आणि जेमतेम चावून गिळते. नीट चावण्याचं काम पुढे रवंथाच्या वेळी. त्यामुळे तार तोंडात अडकत नाही. जड वस्तू कोठीपोटातून पुढे सरकते आणि जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोट चार कप्प्यांपैकी सगळ्यात पुढचं आणि तळाशी असलेलं, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं कोनाकोनांचं. एकदा तिथे पडलेलं लोखंड सहसा बाहेर येत नाही. बऱ्याच धडधाकट जनावरांच्या जाळीपोटात खिळे, स्क्रू, नट निघतात आणि जन्मभर काही त्रास होत नाही. त्रास टोकाचा असतो. जाळीपोटाच्या पुढे लगेच श्वासपटल आणि त्याच्या पलीकडे हृदय. मधलं अंतर काही सेंटीमीटरच.

म्हैस या काळात उत्तम आहे. गाभण आहे, खाते, रवंथ करते.

336 तास आधी. मंगळवार, पहाटे 4

म्हैस व्याली. वगार झाली, घरात आनंद. कळा देताना पोटातला दाब वाढला, गर्भाशयाने सगळे कप्पे पुढे रेटले आणि पाच महिने आडवी पडलेली तार उभी झाली.

इथून पुढचं काम जाळीपोट स्वतःच करतं. निरोगी जनावरात ते साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावतं, तेही लागोपाठ दोन टप्प्यांत. आधी अर्धवट, मग पूर्ण. पचन त्यावरच चालतं. त्याच प्रत्येक आकुंचनाला तार थोडी पुढे सरकते.

310 तास आधी. बुधवार, सकाळी 6

चीक काढला, पण कास भरत नाहीये. मागच्या वेताला दोन वेळचं मिळून दहा लिटर देणारी म्हैस आज पान्हाच सोडत नाही. आमोण हुंगून मान फिरवते. घरातल्या आजी म्हणतात, "व्यायल्यावर असं हुतंच. दोन दिवस जाऊ द्या."

आजींचं म्हणणं चूक नाही. व्यायलेल्या म्हशीत दूध उतरायला उशीर होण्याची डझनभर कारणं असतात. अडचण अशी की तार टोचल्याची पहिली खूणही हीच आहे: दूध एकदम घटणं आणि चारा सोडणं. नेमकी व्यायल्यानंतर ती खूण इतर कारणांच्या गर्दीत हरवते.

300 तास आधी. बुधवार, दुपारी 4

डॉक्टर आले. ताप 103.5. पाठ किंचित वर उचललेली, कोपरं छातीपासून बाहेर. खांद्यामागची कातडी चिमटीत धरून दाबली, तर निरोगी जनावर पाठ खाली वाकवतं. हिने वाकवली नाही, उलट कण्हली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि तापाचं इंजेक्शन दिलं, पचनाची पावडर लिहून दिली.

शंका त्यांना आली नसेल असं मी म्हणणार नाही. पण दिवसाला वीस-पंचवीस जनावरं, मोटारसायकल, बॅग आणि थर्मामीटर. या सामानात पोटाच्या आत बघायची सोय नाही.

ती असती, तर? याच तासाला म्हशीच्या छातीच्या तळाशी, छातीच्या हाडाच्या मागच्या टोकाजवळ आणि सहाव्या-सातव्या बरगड्यांच्या फटीत सोनोग्राफीचा प्रोब टेकवला असता, तर काय दिसलं असतं, ते आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. 1990च्या दशकात झुरिच विद्यापीठातले उएली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी गायींची आणि तार खाल्लेल्या गायींची जाळीपोटं सोनोग्राफीवर पाहिली आणि दोन्हींत फरक काय, हे मांडून ठेवलं. निरोगी जाळीपोट पडद्यावर गुळगुळीत कडेची अर्धचंद्राकार रेघ म्हणून दिसतं. चार मिनिटं प्रोब न हलवता धरला की ती रेघ साधारण चार वेळा उचलली जाते. पहिल्या टप्प्यात थोडी वर जाऊन अर्धवट परत येते, दुसऱ्यात पडद्यावरून नाहीशीच होते, मग सावकाश जागेवर येते.

आपल्या म्हशीत ही रेघ या घडीला खडबडीत झालेली असती. आकुंचनं चारऐवजी दोन, तीही ओढलेली. जाळीपोट आणि श्वासपटल यांच्या मध्ये काळसर पाण्याची पट्टी आणि त्यात फायब्रिनचे, म्हणजे सुजेत साकळणाऱ्या चिकट प्रथिनाचे, पांढुरके तुकडे दिसले असते.

तार मात्र दिसली नसती. सोनोग्राफीबद्दल गोठ्यात सगळ्यात मोठा गैरसमज याच बाबतीत आहे. जाळीपोटात वायू असतो आणि ध्वनिलहरी वायूतून पार होत नाहीत, त्यामुळे आत काय पडलंय ते बहुधा दिसत नाही. तार बघायची तर एक्स-रे हवा. मोठ्या जनावराच्या छातीतून आरपार जाणारं ताकदीचं यंत्र मात्र पशुवैद्यकीय महाविद्यालयांसारख्या मोजक्याच ठिकाणी असतं. धातुशोधक यंत्र 'लोखंड आहे' एवढंच सांगतं, आणि लोखंड तर निम्म्या गोठ्याच्या पोटात निघेल. टोचलं की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सोनोग्राफी तारेचा पत्ता देत नाही, तारेने काय केलंय ते दाखवते. डॉक्टरला निर्णयासाठी लागतं तेही हेच.

निर्णय या तासाला सोपा होता. तोंडावाटे लोहचुंबक द्यायचा, पुढचे पाय उंचावर राहतील अशी म्हैस बांधायची, अँटिबायोटिक चालू ठेवायचं. एक-दोन दिवसांत फरक दिसला नाही, तर डाव्या कुशीत भूल देऊन उभ्या जनावराचंच कोठीपोट उघडायचं, आतून हात घालून जाळीपोट चाचपायचं आणि तार ओढून काढायची. ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात नवी नाही. वेळेत केली तर जनावर दावणीला परत येतं आणि दूधही देतं.

262 तास आधी. शुक्रवार, सकाळी 6

ताप उतरला. म्हशीने सरकी पेंड खाल्ली. दूध चार लिटरवर आलं. डेअरीच्या कट्ट्यावर मालक सांगतायत, "लागू पडली सुई."

माझ्या मते या सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत घातक तास हाच. औषधाने जंतू दबले. शरीराने जखमेभोवती फायब्रिन ओतून जाळीपोट श्वासपटलाला चिकटवून टाकलं, त्यामुळे दुखणं कमी झालं. बाहेरून बरं दिसण्यामागे हे घडलेलं असतं. काही जनावरांत गोष्ट इथेच थांबते आणि तार गंजून संपते. काहींत थांबत नाही. गोठ्यात उभं राहून या दोन्हींतला फरक ओळखू येत नाही. पडद्यावर येतो. आकुंचनं पुन्हा चारवर आली की निश्चिंत व्हावं. दोनवरच अडली, किंवा चिकटलेल्या भागात पू साठून गोल काळी पोकळी दिसू लागली, तर 'लागू पडली सुई' म्हणायची घाई करू नये.

डॉक्टरांना दुसऱ्यांदा बोलावलं नाही. बरं झालेल्या जनावरासाठी कोण बोलावतं?

168 तास आधी. मंगळवार, पहाटे 4

तार श्वासपटलातून आरपार गेली. सोबत जाळीपोटातले जंतूही. टोक हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीला, हृदयावरणाला, लागलं.

गोठ्यात सगळे झोपलेत.

118 तास आधी. गुरुवार, सकाळी 6

पोट किंचित फुगलेलं, शेण थोडं आणि कोरडं. घरी तेल-ओवा पाजला. पाजताना म्हशीची मान वर ओढून धरली. हे करू नये, औषध फुप्फुसात उतरतं. पण तो वेगळा लेख.

या दिवसापासून म्हशीच्या चालण्यात एक गोष्ट दिसू लागते आणि ती फार बोलकी आहे. ओढ्याकडे उतरणीची वाट आहे. म्हैस उतरणीला थांबते. चढ चढते, उतार उतरत नाही. उतारावर पोटाचा सगळा भार पुढे, श्वासपटलावर येतो आणि तार टोचते. गोठ्यातही ती पुढचे पाय गव्हाणीच्या कट्ट्यावर ठेवून उभी राहते. बसताना कण्हते, उठताना कण्हते. राखणीला असलेल्या पोराने दोनदा सांगितलं, "म्हस उताराला जाईना." त्याला उत्तर मिळालं, "काठी दाखव."

त्या पोराचं निरीक्षण पहिल्या इंजेक्शनपेक्षा मोलाचं होतं.

70 तास आधी. शनिवार, सकाळी 6

गळ्याखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, पोळी सुजली आहे.

म्हैस आणि गळ्याला सूज म्हटलं की गावात एकच नाव येतं: घटसर्प. फोनाफोनी झाली, शेजारच्यांनी आपली जनावरं लांब बांधली. भीती वाजवी आहे, घटसर्प म्हशींना झपाट्याने मारतो. पण हाताने फरक कळतो. घटसर्पाची सूज गरम आणि दुखरी असते, ताप भडकलेला असतो, आणि जनावर एक-दोन दिवसांतच जातं. या म्हशीची सूज थंड आहे. भिजवलेल्या कणकेत रुतावं तसं बोट रुततं आणि खड्डा तसाच राहतो. ही सूज जंतूंची नाही, तुंबलेल्या रक्ताची आहे. हृदयाला रक्त आत घेता येत नाहीये, म्हणून पाणी झिरपून खाली साठतंय.

घटसर्प समजून उपचार झाले. चोवीस तास त्यात गेले.

40 तास आधी. रविवार, दुपारी 12

सूज हनुवटीकडे चढली. आज दुसरे डॉक्टर आलेत, शेजारच्या तालुक्यातले. त्यांनी आधी मान पाहिली. मानेची शीर दोरखंडासारखी टरारलेली. मध्यावर अंगठ्याने दाबली. निरोगी जनावरात दाबल्या जागेच्या खालची शीर रिकामी होते, कारण रक्त हृदयाकडे उतरतं. इथे खालची शीर भरलेलीच राहिली. मग स्टेथोस्कोप. नाडी मिनिटाला शंभराच्या वर, हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे दबलेले आणि मधूनमधून पाणी डुचमळल्याचा आवाज.

"दादा, हिने तार खाल्लीय. हृदयापर्यंत गेली असणार. पण सोनोग्राफी केल्याशिवाय मी तसं ठामपणे सांगणार नाही."

"अवो डॉक्टर, सोनोग्राफी? म्हशीची?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सोनोग्राफीचं मशीन अनेक डॉक्टरांकडे आता असतं, पण ते गर्भतपासणीचं. गुदद्वारातून घालायचा तो प्रोब जास्त वारंवारितेचा असतो, जवळचं सुबक दाखवतो, खोलवर पोचत नाही. बरगड्यांमधून मोठ्या जनावराच्या आत बघायला साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब लागतो. मशीन असूनही हा प्रोब नसल्याने तपासणी होत नाही, असं पुष्कळ ठिकाणी घडतं.

17 तास आधी. सोमवार, सकाळी 11

टेम्पोतून म्हैस मोठ्या दवाखान्यात आली. खोड्यात उभी केली. भूल लागत नाही, उभ्या जनावरावरच तपासणी होते. छातीच्या दोन्ही बाजूंचे केस वस्तऱ्याने काढले, कातडी स्पिरिटने पुसली, भरपूर जेल लावलं. म्हशीची कातडी जाड. जेलमध्ये कंजुषी केली तर पडदा काळाच राहतो.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी प्रोब आधी चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत लावला. त्यालाही कारण होतं. म्हशीत हृदयाचे ठोके दबलेले येणं आणि पोट सारखं फुगणं ही आणखी एका आजाराची लक्षणं आहेत. श्वासपटल फाटतं आणि जाळीपोटच छातीत शिरतं. म्हशींमध्ये हा हर्निया गायींपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. पंजाब-हरियाणात त्याच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या आहेत, आणि लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यक विद्यापीठात तो सोनोग्राफीने ओळखण्यावर बरंच काम झालं आहे. हर्निया असेल, तर हृदयाला लागून, जिथे एरवी फुप्फुस असायला हवं तिथे, जाळीपोटाची रेघ आकुंचन पावताना दिसते. तसं निघालं असतं, तर शस्त्रक्रियेला वाव होता. मालकाचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे होतं.

पडद्यावर जाळीपोट नव्हतं. हृदय होतं, आणि हृदयाभोवती पाणी. एरवी हृदयावरण आणि हृदय यांच्यातली फट जाणवतही नाही. इथे कित्येक सेंटीमीटरचा काळा पट्टा होता, त्यात फायब्रिनचे पांढरे धागे प्रत्येक ठोक्याबरोबर हेलकावत होते. हृदयाचा पृष्ठभाग खरबरीत, केसाळ दिसत होता. उजवा कप्पा दाबला गेलेला, रक्त घ्यायला पुरता उघडतच नव्हता. प्रोब मागे, सहाव्या-सातव्या फटीत नेला. जाळीपोट श्वासपटलाला चिकटलेलं, कडा तुटक, मध्ये पुवाची पोकळी. चार मिनिटं घड्याळ लावून धरलं.

चार मिनिटांत एक आकुंचन. तेही अर्धं.

डॉक्टरांनी प्रोब पुसला. हृदयावरण उघडून पू काढायची शस्त्रक्रिया असते, बरगडीचा तुकडा काढून करतात. या अवस्थेतलं जनावर त्यातून वाचल्याची उदाहरणं फार थोडी. सुईने पाणी काढलं, तर एक-दोन दिवस श्वास मोकळा होतो, इतकंच. हे सगळं त्यांनी न लपवता सांगितलं. मालकांनी विचारलं, "आधी आणली असती तर?" डॉक्टर म्हणाले, "पहिल्या आठवड्यात आणली असती तर तार काढली असती."

मशीन तेच, प्रोब तोच. 300व्या तासाला त्याने उपचार सुचवला असता. 17व्या तासाला फक्त निकाल वाचून दाखवला.

5 तास आधी. सोमवार, रात्री 11

म्हैस घरी आणली. टेम्पोतून उतरताना फळीच्या उताराला थांबली, या वेळी कोणी काठी दाखवली नाही. ती बसत नाही. बसली की श्वास कोंडतो. मान पुढे ताणून, तोंड उघडं ठेवून उभी आहे. वगारीला शेजारच्या म्हशीचं दूध बाटलीने पाजलं.

शून्य तास. मंगळवार, पहाटे 4

गव्हाणीजवळ कोसळली. दोन-तीन मिनिटांत संपलं.

सहा तासांनंतर

शवविच्छेदन झालं. हृदयावरणातून अनेक लिटर घाणेरड्या वासाचं पिवळट-करडं पाणी निघालं. जाळीपोट, श्वासपटल आणि हृदयावरण एकमेकांना चिकटून एकच घट्ट दोरी झाली होती. तिच्या मधोमध काळी पडलेली बांधणी तार होती, साधारण बोटाच्या लांबीची, एक टोक कुट्टीच्या पात्याने तिरपं कापलेलं.

डॉक्टर निघताना त्यांच्या मागे आजी फाटकापर्यंत आल्या. "दुसरीला तरी काय करायचं?" डॉक्टरांनी पिशवीतून बोटभर लांबीचा, गोल कडांचा लोहचुंबक काढला आणि गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीच्या घशात सोडला. तो जाळीपोटात जाऊन बसतो, पुढे येणारी तार स्वतःला चिकटवून धरतो, आणि एकदा दिला की सहसा जन्मभर पुरतो. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक वगारीला, कालवडीला देता येतो. कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक चुंबक बसवला, तर तार पोटात जाण्याआधीच पकडली जाते. बांधकाम चालू असलेल्या घरात चारा अंगणात टाकू नये, हे सांगायला डॉक्टर लागू नये.

आणि एक काम आजच करून ठेवा. आपल्या भागात मोठ्या जनावराच्या पोटाची सोनोग्राफी कुठे होते, तिथे साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब आहे का, कोणत्या वारी तपासणी करतात, हे आपल्या डॉक्टरांना विचारून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा 1962 हा क्रमांकही त्याच्याखाली लिहा. दूध एकदम घटलं, चारा सुटला आणि जनावर उताराला थांबायला लागलं, तर तिसऱ्या इंजेक्शनची वाट न बघता सोनोग्राफीला न्या.